खराटा आणि कपबशी
(मंडळाच्या साठाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'वऱ्हाडातील संत आणि त्यांच्या शिकवणीचा प्रसार' असा छापला आहे. विषय चिटणीसबाईंनी ठरवला आणि मी मान डोलावली. मग घरी जाऊन विचार करू लागले तेव्हा लक्षात आले की, हा विषय अर्ध्या तासात उरकण्याजोगा नाही. त्यातून मागे कढीला फोडणी पडलेली आहे, तिचा वास इथवर येतो आहे. तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांनंतर मी काहीही बोलले तरी ते कढीलाच ऐकू जाईल हे मी धरून चालते.

मी पंडिता नाही. पोथ्या वाचल्या आहेत त्या इतर बायका वाचतात तशा, हाताने वाती वळताना आणि अर्धे लक्ष दुधाकडे ठेवून. माझे माहेर मूर्तिजापूरचे, सासर अमरावतीचे. म्हणजे ज्या मुलखात आपले हे सगळे साधुपुरुष फिरले, त्याच मुलखात माझी सगळी हयात गेली. एवढीच काय ती माझी योग्यता.

आपल्या या सभागृहाच्या भिंतीकडे पाहा. चार तसबिरी आहेत. डावीकडे शेगावचे गजानन महाराज, त्यांच्या शेजारी गाडगेबाबा, मग तुकडोजी महाराज, आणि कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्याने जी नेहमी तिरपी होते, ती गुलाबराव महाराजांची. दर वर्धापनदिनी आपण चौघांना सारखाच हार घालतो. हार एकाच मापाचे असले तरी या चौघांची शिकवण लोकांपर्यंत पोचली ती मात्र चार निराळ्या वाटांनी. त्या वाटांविषयीच मला बोलायचे आहे, कारण कुठली शिकवण घरात शिरली आणि कुठली भिंतीवरच राहिली, हे त्यावरून थोडेफार कळते.

गुलाबराव महाराज आपल्याला सर्वांत कमी ठाऊक. चांदूरबाजारजवळच्या माधानचे घराणे. जन्म १८८१ सालचा. वर्षाच्या आतच दृष्टी गेली. अंध माणसाने शंभराहून अधिक ग्रंथ सांगावेत, दुसऱ्यांनी ते लिहून घ्यावेत, आणि हे सगळे वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आत व्हावे, कारण १९१५ साली ते गेले. हे डोळसांनाही भोवळ आणणारे आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाची पत्नी मानीत. कुंकू लावीत, मंगळसूत्र घालीत. लोक हसले असतील. मला मात्र नेहमी वाटते की, ज्या काळी बाईच्या वेषाला पुरुष कमी लेखीत, त्या काळी एका विद्वान पुरुषाला देवाजवळ जायला तोच वेष योग्य वाटला, ही गोष्ट आपण बायकांनी तरी विसरू नये. पण त्यांची शिकवण ग्रंथातली. ती समजायला संस्कृत हवे, वेदान्त हवा, निवांतपणा हवा. तो निवांतपणा आपल्यापैकी कुणाला मिळाला? म्हणून ती तसबीर कोपऱ्यात आहे, आणि तिरपी आहे.

गजानन महाराजांचे तसे नाही. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी ते शेगावात दिसले, उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली. बत्तीस वर्षांचा काय तो वावर. स्वतः त्यांनी ना ग्रंथ लिहिला, ना कधी व्याख्यान दिले. मग त्यांचे नाव आज वऱ्हाडातल्या घराघरात, आणि वऱ्हाडातली मुलेबाळे पुण्या-मुंबईला आणि त्याही पलीकडे गेली तिथे तिथे, कसे पोचले? माझे उत्तर असे की, बायकांनी पोचवले. दासगणू महाराजांनी १९३९ साली 'श्रीगजाननविजय' रचला. एकवीस अध्याय. सोपी ओवी, गावची माणसे, गावची नावे. जी बाई चौथीपर्यंत शिकली तिलाही तो वाचता येतो, आणि जिला येत नाही तिला ऐकून पाठ होतो. माझ्या सासूबाई दर गुरुवारी वाचायच्या. आता माझी सून सकाळी फोनवर ऐकत डबे भरते. एकवीस जणींनी एकेक अध्याय वाटून घ्यायचा आणि एकाच दिवशी पारायण पुरे करायचे, ही सोय आपण बायकांनी मोठी छान काढली. कामाच्या बाईला तासभर काढता येतो, दिवस काढता येत नाही, हे आपण ओळखले. आणि प्रगटदिनाची ती पिठले-भाकर, अंबाडीची भाजी! ज्या घरात एरवी पाहुण्यापुढे पिठले वाढायला लाज वाटते, तिथे त्या दिवशी पिठल्यासाठी पंगत बसते. जिभेवरून गेलेली शिकवण लवकर विसरत नाही.

शेगावच्या संस्थानाचा कारभार तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १९०८ साली, महाराज असतानाच, त्याची घडी बसली. तिथली स्वच्छता, सेवेकऱ्यांची शिस्त, रांगेत उभ्या म्हातारीला कुणी तरी हात देणे, यातले श्रेय ज्यांचे ते शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली गेले तेव्हा आपल्या मंडळातही दोन मिनिटे उभे राहिलो होतो.

पण आज मला अधिक बोलायचे आहे ते शेजारच्या तसबिरीविषयी.

गाडगेबाबांचा जन्मही २३ फेब्रुवारीचाच, १८७६ चा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव. नाव डेबू, बाप झिंगराजी, आई सखुबाई, जात परिटाची. बाप दारूने गेला, आणि आई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली, आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात. तिथे मामाची जमीन सावकाराच्या वहीत गेली. अंगठा उठवला तो कशावर हे मामाला वाचता येत नव्हते. पुढे बाबा कीर्तनात दारू आणि कर्ज या दोन गोष्टींवर एवढे तुटून पडत, ते ऐकीव नव्हते. घरात घडलेले होते.

१ फेब्रुवारी १९०५ ला ते घर सोडून निघाले. मागे आई, बायको कुंताबाई आणि लेकरे. इथे मी जरा थांबते. आपण बायका आहोत, तेव्हा हे बोलायला हरकत नसावी. संतांच्या चरित्रात 'संसाराचा त्याग केला' हे वाक्य एका ओळीत संपते. त्या ओळीच्या मागे कुणी तरी रोज चूल पेटवत असते. कुंताबाईंची तसबीर मी कुणाच्या भिंतीवर पाहिली नाही. बाबांच्या थोरवीत याने उणे येत नाही, पण हिशेबात तेवढे धरले पाहिजे.

बरे, या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते. ग्रंथ नाही, मठ नाही, गादी नाही. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही, असे ते सांगत. पाया पडायला आलेल्याला जवळ फिरकू देत नसत. तर मग त्यांची शिकवण पसरली कशी?

ती पसरली खराट्याने. तुराट्यांचा तो खराटा. गावात शिरायचे ते कुणाच्या ओसरीवर बसायला नाही. शिरायचे आणि झाडायला लागायचे. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात काकणाचा तुकडा. असा माणूस भल्या सकाळी आपल्या दारापुढची घाण उपसू लागला, तर आपण काय करू? आधी हसू. मग घरातून डोकावून पाहू. दुपारपर्यंत तो थांबला नाही, तर कुणातरी एकाला तरी लाज वाटेल आणि तो फावडे घेऊन येईल. संध्याकाळपर्यंत दहा जण आलेले असत. आणि रात्री, गाव झाडून झाले की, कीर्तन. म्हणजे माणसाचे हात आधी कामाला लावायचे आणि कान मागून धरायचे. आपण सभांमध्ये नेमके उलटे करतो. आधी भाषण, मग जेवण, आणि झाडायला दुसरे कुणीतरी.

माझ्या आईने मूर्तिजापूरला त्यांची कीर्तने ऐकली होती. तिला विचारले, काय सांगायचे ग बाबा? तर तिला उपदेश काही आठवत नसे, प्रश्न आठवत. ते सांगत नसत, विचारत. देव बोकड मागतो का? कर्ज काढून तेरवी घातली तर मेलेल्याला पोचते का? समोरच्या हजार माणसांकडून उत्तर वदवून घेत, आणि एकदा स्वतःच्या तोंडाने हजारांत 'नाही' म्हटले की घरी जाऊन बोकड कापायला जीभ अडखळे. गोपालाचा गजर मधूनमधून. भाषा आपली वऱ्हाडी, वावरातली. मुलाला शाळेत घाला, ताट मोडून हातावर भाकर घ्यावी लागली तरी घाला, बायकोला लुगडे हलक्या भावाचे घ्या पण घाला, असे ते सांगत. आई म्हणायची, या लुगड्याच्या वाक्याला पुरुष मान डोलवायचे आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. पण आम्ही पाचही भावंडे शाळेत गेलो, तीन मुलींसह. आणि आईच्या अंगावर हलक्या भावाचेच लुगडे राहिले, हेही खरे.

लोकांनी पैसा दिला तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे चिखलात म्हाताऱ्याकोताऱ्या घसरून पडत. बाबांनी आधी पाट्यांनी माती-दगड वाहिले, मग घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. मुंबईला जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा झाली, कारण गरिबाला इस्पितळात खाट मिळते पण त्याच्या बायकोला रात्री अंग टाकायला जागा मिळत नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्या पंढरपुरात चोखोबाला देवळाबाहेर उभे राहावे लागले, तिथली ही गोष्ट.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण ठेवला. मी तेव्हा आठ वर्षांची. मला एवढेच आठवते की थंडी होती, बातमी आली आणि आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. आम्ही मुले सकाळच्या भाकरी चटणीशी खाऊन झोपलो.

तुकडोजी महाराजांची वाट पुन्हा निराळी. यावलीचा माणिक इंगळे, जन्म ३० एप्रिल १९०९. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. त्यांच्या हातात खंजिरी. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभा केला, १९४२ च्या आंदोलनात नागपूर व रायपूरचा तुरुंग पाहिला, १९५५ साली जपानला धर्मपरिषदेला जाऊन आले, आणि त्याच वर्षी 'ग्रामगीता' दिली. एक्केचाळीस अध्याय, ४६७५ ओव्या. त्यात संडास आहे, खत आहे, व्यायाम आहे, लग्नातला खर्च आहे, आणि 'महिलोन्नती' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तुकडोजींनी गावोगाव गुरुदेव सेवा मंडळे ठेवली. सायंकाळी सामुदायिक प्रार्थना: जमिनीवर रांगा, सगळ्यांना एकच सतरंजी, कुणी पुढे नाही कुणी मागे नाही. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. आजही पुण्यतिथीला मोझरीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखभर माणूस एकदम गप्प उभा राहतो. मी एकदा त्या गर्दीत होते. लहान मुलेसुद्धा रडायची थांबली होती. मोठ्या आवाजाने माणसे जमवणारे पुष्कळ पाहिले. पण शांततेने जमवणे हा प्रकार मी तेवढाच पाहिला.

आपल्या अकोल्यात वाढलेल्या विमलाताई ठकारांचेही नाव इथे घेतले पाहिजे, कारण भिंतीवर चारी तसबिरी पुरुषांच्या आहेत. १९२१ चा जन्म. विनोबांच्या भूदानात पायी फिरल्या, जे. कृष्णमूर्तींच्या सहवासाने त्यांचा मार्ग पालटला, पुढे युरोपात त्यांना ऐकायला माणसे जमत. २००९ साली माउंट अबूला त्यांचा देह पडला. स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोला गेले तेव्हापासून आपल्याकडचे पुष्कळ विचार बोटीत बसून बाहेर गेले आणि बाहेरून नाव कमावून घरी परतले. अकोल्याची एक मुलगी त्या वाटेने गेली होती, हे आपल्याच शेजारणींना ठाऊक नसते. पाचव्या तसबिरीची सूचना मी देऊन ठेवते. खिळा मी आणते.

आता ज्यासाठी मी खरोखर उभी राहिले ते सांगते.

१९८८ साली मी या मंडळाची चिटणीस होते. २० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी. मी ठरवले की नुसता हार नको, या वर्षी आपण गल्ली झाडायची. बाजारातून बारा नवे खराटे आणले. छायाचित्रकाराला बोलावले. सकाळी आठला आपण बाराजणी, पदर खोचून, सभागृहापासून पिंपळापर्यंत झाडत गेलो. साधारण पंधरा मिनिटे लागली. त्या वेळच्या सभासद आज इथे बसल्या आहेत, त्यांना ते छायाचित्र आठवत असेल. कार्यालयात ते अजून लावलेले आहे.

त्या छायाचित्रात नाही ती एक बाई. आपली गल्ली रोज झाडणारी, मागच्या वस्तीतली. तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणत असू. ती पिंपळाखाली स्वतःचा खराटा घेऊन उभी होती, कारण तिची जागा त्या दिवशी आम्ही घेतली होती. छायाचित्रकाराने तिला हाताने 'जरा बाजूला' अशी खूण केली आणि ती झाली. आम्ही गेल्यावर तिने ती गल्ली पुन्हा झाडली. आमच्या हाताने कचरा कडेला गेला होता, उचलला गेला नव्हता.

नंतर चहा. मावशीचा कप खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर असे. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो तिथे कुणी ठेवला होता, असे कुणी विचारील तर मी चिटणीस होते. मी ठेवला होता. माझ्या आधीच्या चिटणीसबाईंच्या वेळीही तो तिथे होता हे खरे, पण त्याने मी सुटत नाही. ती पायरीवर बसे, वरून चहा ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर ती स्वतः नळावर कप विसळून परत कट्ट्यावर ठेवी. हे इतके रोजचे होते की दिसत नव्हते.

माझी आई त्या दिवशी मूर्तिजापूरहून आली होती. तिला मी मुद्दाम बोलावले होते, बाबांना पाहिलेली बाई म्हणून, तिचा सत्कार करायचा होता. चहाच्या वेळी ती उठली आणि तिने खिडकीतून हात घालून तो कप आत घेतला. मला वाटले तिला माहीत नसावे. मी म्हणाले, "आई, तो नको, हा घे." ती म्हणाली, "काहून?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. सगळ्या पाहत होत्या. चहा ओतणाऱ्या बाईंनी त्या कपात मावशीसाठी ठेवलेला चहा ओतला. हाताची सवय. आईने तो तिथेच, सतरंजीवर बसून प्याला. मग स्वतःचा धुतलेला कप, कान असलेला, भरून पायरीवर मावशीला नेऊन दिला आणि तिच्याजवळ बसली. बोलली काही नाही. सत्काराची शाल तिने घेतली, नारळ घेतला.

रात्री घरी आम्ही अंथरुणे घालत होतो तेव्हा ती एवढेच बोलली, "त्या कपातला चाय पानचट होता वं."

मैत्रिणींनो, कपाचे मला दुपारपासून बोचत होते. चहाचे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून उकळलेला चहा तिला जात होता, वर्षानुवर्षे, आणि चिटणीस मी.

यापुढची हकीकत फारशी शोभेची नाही. मी दुसऱ्या दिवशी तो कप टाकला नाही. मला राग आला होता, आईचाच. चारचौघींत मला खाली पाहायला लावले म्हणून. महिना-दीड महिन्यानंतर मी सगळे कप एका फडताळात ठेवायला सांगितले. दोन सभासदांनी त्यानंतर मंडळात चहा घेणे बंद केले. उपवास असतो म्हणत. त्या दोघी आता हयात नाहीत, नावे घेण्याचे कारण नाही. आणि मावशीला मी एकदा, दाराशी उभी राहून, आत सतरंजीवर ये म्हणाले. तिने हसून मान हलवली. "आता कायले वं बाई? इतकी वर्सं झाली. मले इथंच पायरीवर बरं वाटते." तिच्या त्या हसण्याचा मला फार काळ आधार वाटला. तिलाच नको आहे, मग आपण काय करणार? हे मी स्वतःला दहा-बारा वर्षे सांगत आले. ती वारली, तिची सून कामाला लागली. तोवर कागदी पेले आले. सगळ्यांना कागदी पेला, पिऊन झाला की फेकून द्यायचा. प्रश्न मिटल्यासारखा झाला. तो मिटला की नुसता दिसेनासा झाला, याची खात्री मी कधी करून घेतली नाही.

ती करून घेण्याची वेळ या स्मरणिकेमुळे आली. साठ वर्षांच्या सभासदांची यादी छापायची म्हणून गेल्या महिन्यात मी १९६५ पासूनची सगळी नोंदवही पाने उलटून पाहिली. मराठे, कुणबी, माळी, ब्राह्मण, मारवाडी, तेली, कोष्टी, सगळ्या घरांतल्या बायका त्यात आहेत. ही लहान गोष्ट नाही, आणि पहिल्या पिढीच्या बायकांना याचे श्रेय दिले पाहिजे. पण मागच्या वस्तीतले एकही नाव नाही. एकही. आपल्या मंडळाच्या भिंतीला लागून ती वस्ती आहे. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची दोरीवरची धुणी दिसतात. घटनेत 'या भागात राहणारी अठरा वर्षांवरील कोणतीही स्त्री' असे लिहिले आहे. आपण कुणाला नाही म्हटले नाही. विचारलेही नाही.

आणि आता हीरक महोत्सवी निधीतून अंगणात गाडगेबाबांचा संगमरवरी अर्धपुतळा बसवावा असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. निधी जवळजवळ सगळा त्यात जाईल. ठराव मांडणाऱ्या भगिनींची भक्ती खरी आहे, मी त्यांना तीस वर्षे ओळखते. पण ज्या माणसाने पाया पडू दिले नाही त्याचे पाय आपण दगडात कशाला घडवतो? बरे, अर्धपुतळ्याला पाय नसतात हे मान्य. हसा, पण विचार करा. त्यांच्या नावाने २०००-०१ साली सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढले, आपल्या अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, गाडगेनगरला समाधी आहे. नावाला कमी काही नाही.

माझी उलट सूचना अशी. मागच्या वस्तीत घरे एकेका खोलीची आहेत. मुली संध्याकाळी अभ्यासाला बसतात त्या उंबऱ्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली. आपले हे सभागृह संध्याकाळी सहा ते नऊ कुलूपबंद असते. निधीतून टेबले, दिवे, पुस्तके आणि एका शिक्षिकेचे मानधन निघेल. सभागृह त्या मुलींना उघडावे. आणि त्यांच्या आयांना सभासद करून घ्यावे. तेवढीच वर्गणी, तेवढाच मताचा हक्क, पुढच्या निवडणुकीत उभे राहण्याचाही. कुणी म्हणेल, त्या येणार नाहीत. नसतील येत. मावशीनेही मला नाही म्हटले होते. पण मी तिला विचारले ते दाराशी उभी राहून, कप फडताळात ठेवल्यानंतर, आणि माझ्या पायरीवर. तिच्या घरी मी कधी गेले नाही. सोळा वर्षे तिच्या हातची झाडलेली गल्ली तुडवली, आणि तिचे घर कितवे, हे मला तिच्या मयतीच्या दिवशी कळले.

कार्यकारिणीची सभा येत्या बुधवारी आहे. तिथे दोन्ही ठराव मांडले जातील, आणि ज्यांना पुतळा हवा त्यांनी तसे मोकळेपणी सांगावे. मी रुसणार नाही. त्याआधी सोमवारी सकाळी नऊ वाजता मी पावतीपुस्तक घेऊन मागच्या वस्तीत जाणार आहे. मावशीच्या सुनेकडे आधी. माझा गुडघा दुखतो, तेव्हा बरोबर कुणी आले तर बरे होईल. तिथे चहा देतील तो प्यायचा आहे.